पोलीस ड्युटी सांभाळून स्केल मॉडेलिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईत महिला पोलीस हवालदार आहे आणि नोकरीला लागल्यापासून प्लास्टिकची स्केल मॉडेल्स बनवतेय. विमानं, जीप, रणगाडे, बस, जे हाताशी येईल ते. पोलीस स्टेशनला, पोलीस लाईनीत, लग्नकार्यात, सगळीकडे लोक तेच तेच विचारतात आणि त्यातल्या काहींना खरंच सुरू करायचं असतं, विशेषतः भरती होऊन एक-दोन वर्षं झालेली पोरं-पोरी. त्यांच्यासाठी सगळी उत्तरं एका जागी लिहिली आहेत.

स्केल मॉडेल म्हणजे काय? खेळण्यातलं विमान आणि हे, फरक काय?

फरक मापाचा. खेळण्यात चाक मोठं असलं, दरवाजा लहान असला तरी कुणाचं काही बिघडत नाही. स्केल मॉडेलमध्ये खऱ्या वस्तूचं प्रत्येक माप एकाच आकड्याने भागलेलं असतं. किट घेतलं की डब्यात सुटे भाग येतात, प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले, त्या चौकटीला स्प्रू म्हणतात. त्यातून भाग कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे, स्टिकरसारख्या खुणा लावायच्या, त्यांना डेकल म्हणतात. किट न घेता शीट कापून सगळं स्वतः बनवलं तर ते स्क्रॅच बिल्ड. मी दोन्ही करते पण सुरुवात किटनेच करा.

१/७२, १/३५ हे आकडे कसे समजायचे?

सगळ्यात सोपं, आपल्याच भरतीच्या मापाने. पुरुष उमेदवाराची किमान उंची १६५ सेंमी लागते ना, तो माणूस १/३५ मध्ये साधारण ४.७ सेंमी होतो, १/७२ मध्ये २.३ सेंमी आणि १/१२ मध्ये पावणेचौदा सेंमी. भागाकार एवढाच. विमानं जास्त करून १/७२ आणि १/४८ मध्ये येतात, रणगाडे आणि जीप १/३५, कार १/२४, जहाजं १/३५० किंवा १/७००. आपली जुनी आयएनएस विक्रांत २१३ मीटरची होती, ती १/७०० मध्ये तीस सेंमीच्या फूटपट्टीएवढी येते आणि १/३५० मध्ये ६१ सेंमी, म्हणजे शोकेसचा अख्खा कप्पा गेला. स्केल निवडताना हा हिशोब आधी करा, कारण घर तुमचं पोलीस क्वार्टर आहे, बंगला नाही. आणि एकदा एक स्केल धरलं की शक्यतो त्यातच राहा म्हणजे सगळी मॉडेल्स शेजारी शेजारी ठेवली की आकाराची तुलना दिसते, मला तर त्यातच खरी मजा वाटते, एवढंसं नॅट लढाऊ विमान आणि शेजारी लांबलचक मिग.

ड्युटी बारा-बारा तास, वेळ कुठून काढता?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून इथे जरा सविस्तर.

मुंबईत २०१६ ला देवनार पोलीस स्टेशनपासून आठ तास ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, त्याने पुष्कळांच्या घरात फरक पडला, पण आपल्या नोकरीत बंदोबस्त लागला की घड्याळ बाजूला राहतं हे सगळ्यांना माहितीये. त्यामुळे "रोज एक तास द्या" असला सल्ला आपल्याला लागू पडत नाही. मी उलटं करते. वेळ शोधत बसत नाही, कामाचेच असे तुकडे पाडते की कुठल्याही क्षणी फोन आला तरी ते टाकून उठता यावं.

तीन प्रकार केलेत. पहिला, वीस मिनिटांचं काम: स्प्रूवरून भाग कापणं, त्याच्या टोकाला उरलेला खडा घासून काढणं, दोन भाग गोंद न लावता जुळवून बघणं, बारीक ब्रशने एखादं चाक नाहीतर सीट रंगवणं. हे चहा उकळेपर्यंत पण होतं आणि अर्धवट राहिलं तरी काही बिघडत नाही. दुसरा, दोन तासांचं काम: एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाने, रंग मारणं, डेकल लावणं. हे फक्त साप्ताहिक सुट्टीला, ते पण सुट्टी नक्की मिळाली असेल तर, कारण रंग कालवून ठेवला आणि मधेच हजर व्हायला सांगितलं तर रंग पण गेला आणि एअरब्रश पण चोंदला. तिसरा प्रकार माझ्या सगळ्यात आवडीचा, आपोआप होणारं काम. गोंद धरणं, फटीत भरलेली पुट्टी वाळणं, इनॅमल रंग सुकणं, वॉर्निश कडक होणं, या सगळ्याला कित्येक तास लागतात आणि ज्यांना वेळ भरपूर असतो ते हमखास घाई करून ओल्या रंगावर बोट लावतात. आपण काय करायचं, ड्युटीला निघायच्या आधी विमानाच्या पोटाचे दोन अर्धे जोडायचे, रबरबँड आणि टेप लावून ठेवायचे, आणि निघायचं. बारा तासांनी आलं की सांधा पक्का. पुट्टी भरून बंदोबस्ताला जा, परत आल्यावर घासायला तयार. आपली लांब ड्युटी म्हणजेच मॉडेलचा वाळायचा वेळ, हे एकदा डोक्यात बसलं की वेळ नाही ही तक्रारच राहत नाही.

आणि वर्षाचं कॅलेंडर बघून किट उघडा. गणपती, नवरात्र, ६ डिसेंबरचा चैत्यभूमीचा बंदोबस्त, ३१ डिसेंबर, निवडणुका, या दिवसांत मी नवीन काही उघडतच नाही. गणपतीच्या आधी चालू मॉडेल अशा टप्प्यावर आणून ठेवते की पंधरा दिवस डब्यात पडलं तरी चालेल.

अजून एक, डायरी ठेवा. डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवायचा आणि स्टेशन डायरीसारखी नोंद करायची, तारीख, काय झालं, कुठल्या रंगात किती थिनर, पुढचं काम काय. तीन आठवड्यांनी परत बसलं की दहा मिनिटं आठवण्यात जात नाहीत. आपल्याला नोंदी लिहायची सवय आहेच, ती इथे फार उपयोगी पडते.

नाईट करून आल्यावर बनवलं तर चालेल का?

नाही. आधी झोप. झोप नसलेल्या हातात नवीन ब्लेड देऊ नका, बोटावर टाके पडले तर सिक लीव्ह त्यातच जाईल.

आमची एकच खोली आहे, हे सगळं ठेवायचं कुठे?

बीडीडी चाळीत १६० चौरस फुटाच्या खोलीत पोलिसांच्या पिढ्या गेल्या, तिथे सहा-सात माणसं राहून पोरांनी अभ्यास करून नोकऱ्या मिळवल्या, तर मॉडेलला जागा होते. मला टेबल नाही. एक मोठा ॲल्युमिनियमचा ट्रे आहे, त्यात कटिंग मॅट, चिमटा, कटर, चालू असलेले भाग, सगळं. काम संपलं की ट्रे तसाच कपाटावर. वर झाकायला मिठाईच्या बॉक्सचं मोठं झाकण, कारण धूळ ही रंगाची पहिली शत्रू. लहान भाग औषधाच्या रिकाम्या डब्यांत. रंगाच्या बाटल्या लोखंडी डब्यात आणि गॅसपासून लांब, याबाबत घरात अजिबात तडजोड करू नका, थिनर पेटतो.

वास येणारं काम खिडकीत किंवा गॅलरीत. वन-रूममध्ये स्प्रे मारून घरच्यांना त्रास देऊ नका, बाळ किंवा दम्याचं माणूस असेल तर पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग आणि ब्रश यावरच राहा, त्याने पण फार सुंदर काम होतं.

सामान काय लागतं आणि मिळतं कुठे?

सुरुवातीला फार थोडं. बारीक तोंडाचा निपर, पेपर कटर नाहीतर पेन नाइफ, चिमटा, कटिंग मॅट, वॉटर पेपर, गोंद, चार-पाच रंग, दोन ब्रश. वॉटर पेपर हार्डवेअरवाल्याकडे मिळतो, ४००, ८००, १००० आणि २००० नंबरचे तुकडे घ्या, आईस्क्रीमच्या काडीला चिकटवले की झाली कानस. पाण्यात बुडवूनच घासा, प्लास्टिकची भुकटी नाकात जात नाही.

गोंदाबद्दल नीट समजून घ्या कारण इथेच बरेच जण फसतात. किटचं प्लास्टिक असतं पॉलिस्टायरिन. त्याचा खास पातळ गोंद मिळतो, तामियाच्या हिरव्या झाकणाच्या बाटलीतला बऱ्याच जणांना माहीत असेल, तो चिकटवत नाही तर प्लास्टिक वितळवून दोन भाग एकजीव करतो. दोन भाग जुळवून धरायचे आणि फटीवर ब्रशचं टोक टेकवायचं, गोंद आपोआप आत ओढला जातो. फेवीक्विकसारखा गोंद फक्त धातूच्या किंवा रेझिनच्या भागांना. आणि विमानाच्या पारदर्शक काचेला तो कधीच लावू नका, त्याच्या वाफेने काच पांढरी धुरकट होते, तिथे साधं पांढरं फेविकॉल वापरायचं, वाळल्यावर दिसत पण नाही.

फटी भरायला परदेशी पुट्टी महाग वाटत असेल तर एम-सील आहे की. दोन्ही भाग सारखे घेऊन मळायचे, ओल्या बोटाने गुळगुळीत करायचे, दुसऱ्या दिवशी घासायचे. मोठ्या फटीला उत्तम.

मुंबईत कमिशनर ऑफिसला काही कामाने गेलात की समोरच क्रॉफर्ड मार्केट आहे, त्या सगळ्या भागात क्राफ्टचं सामान, सनबोर्ड, मणी, तारा, काय लागेल ते मिळतं, आणि बारीक हत्यारं नागदेवी स्ट्रीटला. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळी. किट आणि मॉडेलिंगचे रंग आता बहुतेक ऑनलाईनच घ्यावे लागतात. परदेशातून थेट मागवलंत तर कस्टम ड्युटी धरून हिशोब करा, नाहीतर किटपेक्षा पार्सल महाग पडतं.

खर्च किती येतो?

लहान १/७२ चं विमान साधारण हजार-दीड हजारात येतं, मोठी किटं पाच आकड्यांत जातात. पण एक किट तीन-चार महिने पुरतं. एका वेळी एकच किट घ्या, ते पूर्ण झाल्याशिवाय दुसरं नाही, हा नियम पगारदार माणसाने पाळावाच. कपाटात न उघडलेले डबे साठवणं हा वेगळा छंद आहे आणि तो खूप महाग आहे.

ब्रशने रंगवू की एअरब्रश घेऊ?

पहिली चार-पाच मॉडेल्स ब्रशने. रंग दुधाइतका पातळ करायचा आणि एक जाड थर देण्याऐवजी तीन पातळ थर द्यायचे, प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यायचा, आधीच्या थराच्या आडव्या दिशेने पुढचा. एवढं पाळलं तर ब्रशच्या रेघा जवळजवळ दिसत नाहीत. एअरब्रश घ्यायचाच झाला तर ०.३ मिमी नोझलचा डबल ॲक्शन (एकाच बटणाने हवा आणि रंग दोन्ही सांभाळणारा) घ्या आणि कंप्रेसर कमी आवाजाचा, कारण लाईनीत भिंतीपलीकडे पण कोणीतरी नाईट करून झोपलेलं असतं. मास्क लावा, साधा कापडी नाही, फिल्टरवाला.

पावसाळ्यात काय करता?

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की लॅकर किंवा ग्लॉस वॉर्निश मारलं की वर पांढरट धुकं धरतं. याला ब्लशिंग म्हणतात, थिनर भराभर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. म्हणून पावसाळ्यात मी जोडाजोडी आणि घासकाम करते, शेवटची वॉर्निश ऑक्टोबरच्या उन्हासाठी ठेवते. डेकलच्या शीट झिपच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा, ओल धरत नाहीत.

पोलिसांच्या गाड्यांचं किट मिळतं का?

जपान, अमेरिका, युरोपच्या पोलीस गाड्यांची मिळतात. आपल्या गाड्यांची दुकानात सहज दिसत नाहीत. पण म्हणून थांबायचं कशाला, हा तर सगळ्यात सुंदर प्रोजेक्ट आहे आणि मला मनापासून वाटतं की आपल्या खात्यातल्या प्रत्येक मॉडेल बनवणाऱ्याने एकदा तरी जुनी पोलीस जीप बनवावी, कारण कितीतरी गावांत "पोलीस आले" म्हणजे ती जीप आली एवढंच लोकांना माहीत होतं.

कशी बनवायची सांगते. महिंद्राने चाळीसच्या दशकाच्या शेवटी विलीस जीप इथे असेंबल करायला सुरुवात केली आणि नंतर वर्षानुवर्षं सीजे-३बी हे मॉडेल चाललं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस एमबीचं १/३५ किट अनेक कंपन्यांचं मिळतं, स्वस्त पण असतं. दोन्ही गाड्यांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, सारखाच, ८० इंच, म्हणजे १/३५ मध्ये ५.८ सेंमी. त्यामुळे चेसिस, चाकं, खालचा सगळा भाग तसाच चालतो. मोठा फरक बॉनेटचा, सीजे-३बी चं बॉनेट उंच, कारण त्यातलं इंजिन उंच होतं. किटचं बॉनेट कापून बाजूच्या भिंती प्लास्टिक शीटने वाढवायच्या आणि पुढची जाळी पण उंच करायची. मागे ताडपत्रीचं छत टिश्यू पेपरचं, पाणी मिसळलेल्या फेविकॉलमध्ये भिजवून तारेच्या सांगाड्यावर पसरवायचं, वाळल्यावर खऱ्यासारख्या चुण्या पडतात. वर दिवा, पुढे बंपरला अँटेना, मागे स्टेपनी.

रंगाचा पट्टा प्रत्येक जिल्ह्याचा, प्रत्येक काळाचा वेगळा, म्हणून अंदाजाने रंगवू नका. रिटायर झालेल्या काका लोकांकडे जुने फोटो असतात, गाडीला टेकून काढलेले, ते बघायला मागा. एका फोटोवरून दोन तास गप्पा होतात आणि गाडीबद्दल कुठेही न छापलेल्या गोष्टी कळतात, कुठला दरवाजा बांधून ठेवायला लागायचा, वायरलेस सेट कुठे असायचा.

"पोलीस" अक्षरं आणि लाल-निळी पाटी घरी छापता येते. डेकल पेपर मिळतो, त्यावर प्रिंट काढायची. दोन गोष्टी लक्षात ठेवा. साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, म्हणून पांढरी अक्षरं हवी असतील तर पांढरा डेकल पेपर घ्या आणि बाजूचा रंग छापा. आणि इंकजेटची प्रिंट असेल तर पाण्यात टाकायच्या आधी वर क्लिअर वॉर्निशचा थर द्या नाहीतर शाई पाण्यात जाईल.

बोलेरो बनवायची असेल तर ती चार मीटरच्या आतली गाडी, १/२४ मध्ये साडेसोळा सेंमीच्या आसपास येते, स्टायरिन शीटने स्क्रॅच करायला सोपी, कारण सगळी अंगाने चौकोनी आहे.

वर्दीतला माणूस बनवता येतो का?

येतो, १/३५ मधल्या सैनिकाच्या फिगरवर एम-सीलसारख्या एपॉक्सी पुट्टीने बदल करून. टोपी, बेल्ट, लॅनयार्ड म्हणजे शिट्टीची दोरी, खांद्यावरच्या पट्ट्या, यात चूक चालत नाही कारण बघणारे आपलेच लोक असतात आणि रँक चुकली की पहिल्या सेकंदाला कळतं. जुन्या मुंबई पोलिसाची निळी वर्दी आणि पिवळी टोपी करायला फार छान दिसते. खाकी एकच रंग नसतो हे पण रंगवताना कळतं, उन्हात विटलेली वेगळी, नवी कोरी वेगळी, घामाने पाठीवर काळवंडलेली वेगळी. काठी चार फुटी धरली तर १/३५ मध्ये साडेतीन सेंमी, पितळी तार नको, झाडूची काडी घ्या, तिचा पोत बांबूशी जुळतो.

या छंदाचा पोलिसांच्या कामात काही उपयोग होतो का?

होतो, आणि हे मी उगाच छंदाची बाजू घ्यायची म्हणून सांगत नाही.

अमेरिकेत फ्रान्सिस ग्लेसनर ली नावाच्या बाई होत्या. त्यांनी १९४० च्या दशकात मृत्यूच्या घटनास्थळांची छोटी मॉडेल्स बनवली, एक फुटाला एक इंच या मापात, म्हणजे १/१२. कशासाठी, तर पोलीस तपास अधिकाऱ्यांना घटनास्थळ बघायला शिकवायला. खोलीतले दिवे लागायचे, बाहुलीच्या पायातले मोजे त्यांनी टाचण्यांवर स्वतः विणलेले. हार्वर्डमध्ये अधिकाऱ्यांचे सेमिनार घेऊन ही मॉडेल्स समोर ठेवली जायची आणि ठराविक वेळात काय काय दिसतंय ते सांगायचं असायचं. १९४३ मध्ये न्यू हॅम्पशायर स्टेट पोलीसने त्यांना मानद कॅप्टन केलं. त्यातली १८ मॉडेल्स बाल्टिमोरला चीफ मेडिकल एक्झामिनरच्या ऑफिसात आहेत आणि प्रशिक्षणासाठी वापरात राहिलेली आहेत. ज्या काळात पोलिसात बाईला कोणी विचारत नव्हतं त्या काळात एका बाईने टाचण्या, कापड आणि लाकडाचे तुकडे घेऊन पोलिसांना बघायला शिकवलं, मला या बाईंबद्दल फार आदर आहे.

आपल्याकडे पण ट्रेनिंगमध्ये सँड मॉडेल असतंच, वाळूत रस्ते, टेकडी, इमारती दाखवून कोण कुठून जाणार ते समजावतात. बंदोबस्ताच्या आधी चौकाचा असा छोटा नकाशा जमिनीवर मांडला तर नवीन पोरांना कागदापेक्षा पटकन कळतं, कुठे बॅरिकेड, ॲम्ब्युलन्सला वाट कुठून.

घटनास्थळाचा कच्चा नकाशा काढताना मला मॉडेलिंगची सवय कामी येते. दरवाजा आत उघडतो की बाहेर, खिडकीची उंची जमिनीपासून किती, कॉटपासून भिंत किती, हे आपोआप मोजलं जातं, कारण हेच माप नसलं तर मॉडेल बनत नाही हे हातांना माहीत असतं. १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रण आलं, तिथे पण आधी पूर्ण खोली, मग वस्तू, मग वस्तूची शेजारच्या गोष्टींशी जागा, असा क्रम आपोआप येतो. रेफरन्स फोटो काढताना आम्ही वर्षानुवर्षं तेच करतो.

डिपार्टमेंटची परवानगी लागते का? मॉडेल विकता येतं का?

घरी, ड्युटी नसताना, स्वतःसाठी बनवायला कोणाची परवानगी लागत नाही. विकणं ही वेगळी गोष्ट. आपल्याला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ लागू आहेत आणि त्यात शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय खाजगी धंदा करता येत नाही. अधूनमधून कलेचं काम करायला त्यात वाव आहे पण ऑर्डर घेऊन पैसे घेणं म्हणजे धंदाच. मी विकत नाही. कोणी फारच मागे लागलं तर त्याला शिकवते. ज्यांना खरंच विकायचंय त्यांनी आधी लेखी अर्ज करावा आणि उत्तर येईपर्यंत थांबावं.

हद्दीतल्या दुकानदाराकडून किट फुकट किंवा "तुमच्यासाठी खास रेट" असं घेऊ नका. बिल घ्या, ठेवा. छंद स्वच्छ राहिला पाहिजे.

काय बनवू नये असं काही आहे का?

आहे. चालू केसचं घटनास्थळ नाही. कुठल्याही खऱ्या पीडिताची ओळख पटेल असं काही नाही. आपल्या पोलीस स्टेशनच्या आतला नकाशा, शस्त्रागार, कंट्रोल रूम यांचं मॉडेल बनवून फोटो टाकायचे नाहीत. खऱ्या मापाची नकली पिस्तुलं पण नको, आपल्या घरात तर नकोच, लहान मुलांना खरं-खोटं कळत नाही.

भारतीय विषयांवर बनवायचं असेल तर?

भरपूर आहे. मिग-२१ हवाई दलात १९६३ ला आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झालं, बासष्ट वर्षं. त्याची किटं सगळ्या स्केलमध्ये आहेत, एडुआर्ड या चेक कंपनीचं १/४८ फार बारकाईने बनवलेलं आहे. भारतीय खुणा डब्यात नसल्या तर डेकल वेगळे मिळतात. गोल खुणेत केशरी बाहेर आणि हिरवा मध्यभागी, हे उलटं रंगवलेलं बऱ्याचदा दिसतं. नॅट बनवताना जपून, एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचं किट दोन सीटच्या ट्रेनरचं आहे, ते ब्रिटनच्या रेड ॲरोज टीमचं विमान, आपल्या हवाई दलाने पाकिस्तानच्या सेबर विमानांविरुद्ध वापरलेलं नॅट एक सीटचं. १९७१ च्या लढाईतला टी-५५ रणगाडा तामियाचा १/३५ मध्ये आहे, जोडायला सरळ.

मुंबईकरांसाठी मात्र माझा आग्रह बेस्टच्या लाल डबलडेकरचा. जुन्या डिझेल डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला बंद झाल्या, त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला पद्मिनी टॅक्सीचा पण शेवट झाला. नाकाबंदीला, ट्रॅफिकला उभं राहून या गाड्या आपण जितक्या जवळून बघितल्यात तितक्या कोणीच बघितल्या नसतील. आठवतंय तोपर्यंत बनवून ठेवा. विक्रांत २०१२ पर्यंत मुंबईत म्युझियम म्हणून उभी होती, २०१४ ला तोडली, आता तिची मापं घ्यायला जहाजच नाही.

रेफरन्ससाठी कुठे जायचं?

नगरचं, म्हणजे आता अहिल्यानगरचं, कॅव्हलरी टँक म्युझियम. सेंच्युरियन, शर्मन, विजयंता, पकडलेले पॅटन, सगळे उघड्यावर उभे, चारी बाजूंनी फिरून चिखल कुठे साठतो, गंज कुठून उतरतो ते बघा. मुंबईत आणिक डेपोत बेस्टचं म्युझियम आहे, तिथे बस आणि ट्रामची छोटी मॉडेल्सच आहेत. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम, १९९८ पासूनचं, ते मुलांना दाखवायला नक्की न्या, सिग्नल, गाड्या, सगळं चालतं. वर्दीत जाऊ नका, तिकीट काढा.

बदली झाली की मॉडेल्स कशी नेता?

अँटेना, बंदुकीच्या नळ्या, चाकांचे पाय आधी काढता आले तर काढा. प्रत्येक मॉडेलला बूटच्या खोक्यात थर्माकोलमध्ये त्याच्या आकाराची खाच पाडा. कापूस वापरू नका, तंतू अडकतात आणि बारीक भाग तुटतात. खोकी टेम्पोत नाही, मांडीवर.

मुलांना कधीपासून शिकवायचं?

दिवाळीचा किल्ला बनवणारं प्रत्येक मराठी पोर आधीच मॉडेल बनवतंय. त्याला फक्त माप शिकवा. मावळ्याची उंची धरून दरवाजा केवढा हवा, बुरूज केवढा हवा, एवढा एकच प्रश्न विचारा आणि बघा किल्ला कसा बदलतो. २०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यातला एक निवडून नकाशा बघून करायला सांगा. दिवाळीत आपल्याला बंदोबस्त असतो त्यामुळे माती आणि पोती आधीच्या सुट्टीला आणून ठेवायची. ब्लेड आणि गोंद मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत मोठ्यांनी समोर बसूनच.

टेन्शन कमी होतं का याने?

माझं होतं. एखादी वाईट केस झाली की मी रंग काढत नाही, फक्त घासकाम करते, त्यात विचार करायला लागत नाही. पण झोप उडाली असेल, सारखं रडू येत असेल, दारू वाढली असेल तर मॉडेल हा इलाज नाही, डॉक्टरकडे जा. नवीन भरती झालेल्या पोरांना हे मी आवर्जून सांगते कारण आपल्यात हे बोलायची पद्धत नाही.

बरं, पहिलं किट कुठलं घेऊ ते एकदाच सांगा.

१/७२ चं एका इंजिनाचं, दुसऱ्या महायुद्धातलं पंख्याचं विमान, स्पिटफायर वगैरे, पन्नासच्या आसपास भाग असलेलं. एअरफिक्सच्या स्टार्टर सेटमध्ये गोंद, ब्रश आणि रंग डब्यातच येतात, वेगळं काही घ्यावं लागत नाही. रणगाडा आवडत असेल तरी पहिला नको, त्याच्या चाकं आणि पट्ट्यांमध्येच माणूस कंटाळतो. जहाज तर अजिबात नको. डबा आणल्यावर आधी सगळे स्प्रू साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळत टाका, त्यावर साच्याचं तेल असतं, रंग धरत नाही. सूचनांचा कागद पूर्ण वाचा, मग कॉकपिटपासून सुरू करा.